वेगाला वेसण

आमच्या संस्थेच्या मागून एक जिल्हा मार्ग जातो आणि त्याला अगदी लागून एक माध्यमिक शाळा आहे. काही वर्षांपूर्वी शाळा सुटण्याच्या वेळेला सातवीतल्या एका मुलाला मोटारसायकलने उडवले. मुलगा वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि वर्ष बुडाले. त्यानंतर रस्त्याच्या कडेला ‘पुढे शाळा आहे, वेग ताशी ३० किमी’ अशी पाटी लागली. महिन्याभराने शाळेतले विज्ञानाचे शिक्षक आमच्याकडे आले. त्यांचे म्हणणे असे, की पाटी लागली तरी गाड्या जोरात जातात हे सगळेच सांगतात, पण किती जोरात हे कोणी सांगत नाही. मुलांकडून हे मोजून घेता येईल का?

मोजणे अवघड नव्हते. रस्त्याच्या कडेने टेपने ५० मीटर अंतर मोजून चुन्याच्या दोन खुणा केल्या. पहिल्या खुणेपाशी, रस्त्यापासून चांगली लांब, रुमाल घेऊन एक मुलगी उभी राहिली. दुसऱ्या खुणेपाशी स्टॉपवॉच घेऊन एक मुलगा. गाडी पहिली खूण ओलांडताच रुमाल खाली, दुसरी ओलांडताच घड्याळ बंद. ताशी ३० किमी वेगाने ५० मीटर जायला ६ सेकंद लागतात. सहापेक्षा कमी सेकंद लागले की गाडीने मर्यादा मोडली. तासाभरात सहा सेकंद किंवा त्याहून जास्त घेणारी वाहने कोणती, तर एक बैलगाडी, उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि दुधाच्या किटल्या लावलेली एक सायकल. चार सेकंदांत, म्हणजे ताशी ४५ किमीने, गेलेल्या वाहनांत आमच्यापैकी एकाची स्कूटरही होती. पोरांनी ती ओळखली आणि वहीत निमूटपणे नोंदवली.

अर्ध्या तासानंतर मात्र आकडे बदलू लागले. वह्या घेऊन उभी असलेली मुले दुरून दिसली की गाड्या आपोआप हळू होत. मग दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी घाणेरीच्या झुडपांमागे लपली आणि आकडे पुन्हा पहिल्यासारखे झाले. नववीतल्या एका मुलीने तेव्हा विचारले, “सर, पाटी सगळ्यांना वाचता येते. मग तरी जोरात का जातात? आणि आम्हाला पाहिल्यावरच का थांबतात?”

या दोन प्रश्नांना दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. आणि झुडपामागे लपून दोन खुणांमधला वेळ मोजण्याची युक्तीही मुलांची नवी नव्हती.

लाल बावटा ते सलाम

ब्रिटनमध्ये १८६५ साली रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनांसाठी एक कायदा झाला. त्या काळी असे वाहन म्हणजे वाफेवर चालणारे अवजड धूड. त्याने उघड्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल यापेक्षा जास्त वेगाने जायचे नाही, ते चालवायला निदान तीन माणसे हवीत आणि त्यांतल्या एकाने लाल बावटा घेऊन किमान ६० यार्ड पुढे पायी चालायचे, असा दंडक होता. बावट्याची सक्ती १८७८ साली गेली, पण पुढे चालणारा माणूस आणि वेगाची मर्यादा राहिली. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यात वॉल्टर अर्नॉल्ड नावाच्या माणसाने आपली मोटार ताशी ८ मैलांनी, म्हणजे परवानगीच्या चौपट वेगाने, गावातून नेली. एका शिपायाने सायकलवरून पाच मैल पाठलाग करून त्याला पकडले. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग. ब्रिटनमध्ये वेगासाठी मोटारचालकाला झालेला हा पहिला दंड मानतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीने बळी घेतलेली ब्रिटनमधली ती पहिली पादचारी. चौकशीत वेगावरूनच वाद झाला. चालक म्हणत होता, आपण ताशी ४ मैलांनी जात होतो; पाहणाऱ्यांच्या मते गाडी भरधाव होती. चालकाला आपला वेग कमी वाटतो आणि रस्त्यावरच्या माणसाला तो जास्त वाटतो, ही तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. निकाल अपघाती मृत्यूचा लागला. तीनच महिन्यांनी वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली आणि १९०३ च्या कायद्याने ती २० मैल झाली.

आता पोलीस कामाला लागले. रस्त्यावर एक फर्लांग अंतर मोजायचे. एका टोकाला एक शिपाई कुंपणामागे रुमाल घेऊन, दुसऱ्या टोकाला दुसरा घड्याळ घेऊन. ताशी २० मैलांनी फर्लांगभर जायला साडेबावीस सेकंद लागतात. मोटार बाळगणारे लोक तेव्हा श्रीमंत आणि वजनदार. आजवर त्यांचा पोलिसांशी संबंध आला होता तो रक्षणकर्ते म्हणून. आता तेच शिपाई त्यांना कुंपणामागून बाहेर येऊन हटकू लागले. या अपमानातून १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन ही संघटना जन्मली. तिचे पहिले काम रस्तासुरक्षा नव्हे, तर सापळे कोठे आहेत ते सभासदांना कळवणे हे होते. संघटनेचे सायकलस्वार रस्त्यावर फिरत आणि पुढे सापळा असला तर येणाऱ्या मोटारींना खूण करून सावध करत.

१९१० साली न्यायालयाने ठरवले, की मर्यादा मोडणाऱ्या चालकाला अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय. त्यावर संघटनेने काढलेला तोडगा नामी होता. मोटारीवर संघटनेचा बिल्ला दिसला की सायकलस्वार सभासदाला सलाम ठोकत असे. सभासदांना सांगण्यात आले, की ज्या वेळी आमचा माणूस सलाम करणार नाही, त्या वेळी थांबून त्याला कारण विचारा. सलाम न करणे हा काही गुन्हा होऊ शकत नव्हता! आज समोरून येणारे ट्रकवाले दिवे उघडझाप करून पोलिसांची वर्दी देतात, त्यांचे पूर्वज हे असे बिल्लेवाले आणि सलामवाले होते.

पुढची वीस वर्षे २० मैलांचा कायदा पुस्तकात राहिला आणि मोटारी त्याच्या दुप्पट वेगाने धावू लागल्या. सगळेच जो कायदा मोडतात तो कायद्याची अब्रू घालवतो, असा युक्तिवाद होऊन १९३० साली मोटारींवरची वेगमर्यादा चक्क रद्द झाली. बेपर्वाईने आणि धोकादायक रीतीने वाहन चालवणे हा गुन्हा ठरवला, विमा सक्तीचा केला आणि बाकी चालकांच्या सद्‌बुद्धीवर सोडले. १९३० मध्ये रस्त्यांवर ७,३०५ माणसे मेली होती. १९३४ मध्ये ७,३४३ मेली आणि सव्वादोन लाखांहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत निम्म्याच्या आसपास पायी चालणारे होते.

१९३४ साली मर्यादा परत आणण्याचे विधेयक पार्लमेंटात आले, तेव्हा मूर-ब्रेबझन या सभासदाने विरोधात केलेले भाषण कुप्रसिद्ध आहे. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: सात हजार मरतात हे खरे, पण हे असेच चालणार नाही. पूर्वी आम्ही मोटारीतून घरी परतायचो तेव्हा पुढच्या जाळीत कोंबड्यांची पिसे अडकलेली असायची. कुत्र्यांचेही तेच. आता कुत्री शिकली, बाजूला होतात. माणसेही शिकतील. पायी चालणारे मूल कोंबडीच्या जागी बसवून केलेला हा विचार आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. आम्हाला तो अधूनमधून आजही ऐकू येतो, फक्त भाषा जरा सभ्य असते.

विधेयक मंजूर झाले. १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली. वस्तीचा भाग कोणता? जेथे रस्त्यावरचे दिवे एकमेकांपासून २०० यार्डांच्या आत आहेत तो. त्या वर्षी ६,५०२ माणसे मेली. आदल्या वर्षापेक्षा ८४१ कमी.

येथे आपण थांबून एक प्रश्न विचारायला हवा. हे ८४१ जीव वेगमर्यादेने वाचवले का? कारण त्याच वर्षी १ जूनपासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली, आणि वाहतूकमंत्री होर-बेलिशा यांच्या नावाने ओळखले जाणारे पिवळ्या गोळ्यांचे खांब रस्ते ओलांडण्याच्या जागी उभे राहत होते. तीन औषधे एकदम दिली आणि रोगी सुधारला, तर गुण कोणत्या औषधाचा? या प्रश्नाचा नीट विचार ज्या प्रकरणामुळे झाला, ते वीस वर्षांनी अमेरिकेत घडले.

चाळीस जीव

कनेटिकट हे अमेरिकेच्या ईशान्येकडचे एक चिमुकले राज्य. १९५५ साली तेथे रस्त्यांवर ३२४ माणसे मेली. गव्हर्नर एब्रहम रिबिकॉफ यांनी नाताळच्या तोंडावर, २३ डिसेंबरला, जाहीर केले की यापुढे वेगमर्यादा मोडल्याचे सिद्ध झाले तर पहिल्याच गुन्ह्याला चालकाचा परवाना ३० दिवस निलंबित होईल, दुसऱ्याला ६० दिवस. सबबी चालणार नाहीत. आणि ते नुसते बोलले नाहीत. १९५५ च्या पहिल्या सहा महिन्यांत वेगासाठी २३१ परवाने निलंबित झाले होते. १९५६ च्या पहिल्या सहा महिन्यांत ५,३९८ झाले.

१९५६ अखेर मृत्यू झाले २८४. चाळीस कमी, म्हणजे १२ टक्क्यांहून अधिक घट. चाळीस जीव वाचले, मोहीम सार्थकी लागली, असे गव्हर्नरांनी जाहीर केले. कोणाला वाटणार नाही? चाळीस घरांत चाळीस माणसे जेवायला बसली आहेत हे चित्र डोळ्यांपुढे आले, की शंका काढणारा माणूस दुष्टच वाटतो.

१९६८ साली डोनाल्ड कॅम्बेल हे मानसशास्त्रज्ञ आणि लॉरेन्स रॉस हे समाजशास्त्रज्ञ यांनी या आकड्यांवर एक लेख लिहिला. त्यांनी केले ते एवढेच, की १९५५ आणि १९५६ या दोन वर्षांऐवजी मागची-पुढची आणखी काही वर्षे आलेखावर मांडली आणि शेजारच्या राज्यांचे आलेख त्याच्याजवळ ठेवले. तेव्हा दिसले, की मृत्यूंचा आकडा दरवर्षीच बराच वरखाली होतो. १९५५ चा आकडा मागच्या काही वर्षांतला सर्वांत मोठा होता. आणि तो मोठा होता म्हणूनच तर मोहीम सुरू झाली होती.

यातली गोम वर्गात दोन फाशांनी दाखवता येते. तीस मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकू द्या. ज्यांची बेरीज दहा किंवा जास्त आली त्यांना उभे करा, ‘फार मोठे आकडे टाकता!’ म्हणून रागे भरा आणि पुन्हा फासे टाकायला लावा. दुसऱ्या खेपेला त्यांची सरासरी सातच्या आसपास येईल. तुमच्या रागावण्याचा गुण आला असे कोणालाही वाटेल. आता ज्यांची बेरीज चार किंवा कमी होती त्यांना शाबासकी देऊन पुन्हा टाकायला सांगा. त्यांचीही सरासरी सातकडे जाईल, म्हणजे वाढेल. शाबासकीने मुले बिघडतात! फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजताना १८८० च्या दशकात हा प्रकार ओळखला होता. त्याला सरासरीकडे परत येणे असे म्हणतात. चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्या मुलांना ओरडल्यावर पुढच्या चाचणीत ती सुधारतात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. त्यातला किती वाटा ओरडण्याचा आणि किती फाशांचा, हे आपण सहसा तपासत नाही.

कॅम्बेल आणि रॉस यांनी मोहीम निरुपयोगी ठरवली असे मात्र नाही. पुढची काही वर्षे मृत्यू उतरतच राहिले. काही परिणाम झालाही असेल. पण चाळीस जीव वाचले असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही, एवढे त्यांनी दाखवले. याहून महत्त्वाची, आमच्या मते, त्यांची दुसरी नोंद आहे. शिक्षा कडक झाल्यावर न्यायालयांतून निर्दोष सुटणाऱ्या चालकांचे प्रमाण वाढले. वाहतुकीच्या एकूण गुन्ह्यांत वेगाच्या गुन्ह्याचा वाटा घटला. लोक हळू जाऊ लागले म्हणून, की पोलीस दुसरेच कलम लावू लागले म्हणून, हे सांगणे कठीण. आणि परवाना निलंबित असताना गाडी चालवून पकडले जाणारे वाढले. ज्या माणसाची नोकरीच गाडीवर अवलंबून आहे त्याचा परवाना महिनाभर काढून घ्यायला न्यायाधीशाचा हात अडखळतो. शिक्षा जितकी भारी, तितकी ती देणाऱ्याला जड.

इटलीतल्या चेझारे बेक्कारियाने १७६४ सालीच लिहून ठेवले होते, की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती अटळ असण्याने. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वेगाच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ४०० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये आणि जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये झाला. त्यावर वर्तमानपत्रांत बराच धुरळा उडाला. पण आपल्या शाळेसमोरच्या रस्त्यावर वर्षभरात हा दंड किती जणांना झाला, हे विचारले की चर्चा संपते.

अटळपणा वाढवण्याचे काम यंत्रांनी केले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वेग मोजायला रडार वापरले जाऊ लागले. मॉरिस गॅटसोनिडिस या डच मोटारशर्यतपटूने वळणावर आपला वेग आणखी कसा वाढेल हे पाहण्यासाठी वेग मोजणारे यंत्र तयार केले. त्यातूनच पुढे त्याच्या नावाचे कॅमेरे झाले आणि जगभरच्या वेगवान चालकांचे शाप त्याला लागले. ब्रिटनमध्ये ते १९९२ साली आले. कॅमेऱ्यांमुळे अपघात घटतात हे खरे, पण तेथेही सुरुवातीच्या हिशेबांत जुनीच चूक होती: कॅमेरे बसवले गेले ते नुकतेच खूप अपघात झालेल्या जागी. सरासरीकडे परतण्याचा वाटा वजा केल्यावर फायदा उरला, पण बराच लहान होऊन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. तिच्यात दोन ठिकाणच्या नोंदींवरून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढण्याची सोय आहे. म्हणजे फर्लांग, रुमाल आणि घड्याळच, फक्त कुंपणामागे माणूस नाही.

डोळ्यांची फसगत

पण त्या मुलीचा पहिला प्रश्न शिल्लकच आहे. लोक मुळात जोरात का जातात?

घाई हे ठरलेले उत्तर. ते तपासून पाहू. दहा किलोमीटर जायला ताशी ४० किमीने १५ मिनिटे लागतात, ५० ने १२. तीन मिनिटे वाचली. हेच अंतर ८० ऐवजी ९० ने गेलो तर वाचतात फक्त ५० सेकंद. वेग सारखाच दहाने वाढला, पण आधीच वेगात असलेल्याला नफा फार थोडा. लोकांना मात्र उलटे वाटते. वरच्या वेगात वाचणारा वेळ माणसे फार जास्त धरतात, हे स्वीडनच्या ओला स्वेन्सन यांनी १९७० पासूनच्या अभ्यासांत दाखवले. याच स्वेन्सन यांनी १९८१ साली विद्यार्थ्यांना विचारले, की इतरांच्या मानाने तुमचे गाडी चालवण्याचे कौशल्य कसे आहे? अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवले. स्कूटरवाल्या आमच्या सहकाऱ्यांनीही हेच उत्तर दिले असते.

नफ्याचा अंदाज असा फुगतो, तर तोट्याचा आकसतो. समजा, दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ताशी ५० किमीने, दुसरी ६० ने. समोर मूल आले. दोन्ही चालकांना ब्रेक दाबायला एक सेकंद लागला आणि दोन्ही गाड्यांचा वेग दर सेकंदाला सेकंदाला ७ मीटरने कमी होतो. पहिली गाडी २७.७ मीटरवर थांबते, मुलाच्या अगदी समोर. दुसरीचे त्यातले १६.७ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपले. उरलेल्या ११ मीटरांत ती थांबत नाही. मुलापाशी तिचा वेग किती असेल? विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण ‘दहा’ म्हणतात. गणित करून पाहा: ताशी ४० किमी. दहाचा फरक चाळीस झाला, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ब्रेक ती मीटरामीटराने समान हप्त्यांत काढून घेतात. अकरावीच्या पुस्तकातली समीकरणे एवढ्या कामाला पुरतात. स्वीडनमध्ये मर्यादा बदलल्यावर काय घडले ते पाहून गोरान निल्सन यांनी बांधलेला आडाखा असा, की प्राणघातक अपघात रस्त्यावरच्या सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घातानुसार बदलतात. सरासरी वेग ५ टक्क्यांनी उतरला तर असे अपघात सुमारे एक पंचमांशाने घटतात.

आणि डोळेही दगा देतात. बराच वेळ वेगात राहिले की वेगाची जाणीव बोथट होते. द्रुतगती मार्ग सोडून गावात शिरणाऱ्या चालकाला ताशी ६० किमी म्हणजे रांगणे वाटते. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या गॉर्डन डेंटन यांनी याचा उलटा उपयोग केला. स्कॉटलंडमध्ये न्यूब्रिजच्या गोल चौकाकडे येणाऱ्या वेगवान रस्त्यावर १९७१ साली आडवे पिवळे पट्टे रंगवले. चौक जवळ येईल तसे पट्ट्यांमधले अंतर कमी होत जाणारे. पट्टे भराभर मागे पडू लागले की चालकाला आपला वेग वाढतो आहे असे वाटते आणि पाय आपसूक ब्रेकवर जातो.

याची एक जवळची चुलत बहीण मुंबईत आहे. वडाळ्याजवळ लोहमार्ग ओलांडताना फार माणसे मरत. लांबून येणारी मोठी वस्तू असते त्यापेक्षा सावकाश येते आहे असे डोळ्याला वाटते, म्हणून माणसे गाडीचा वेग चुकीचा जोखतात. २०१० च्या सुमारास मध्य रेल्वे आणि मुंबईची फायनल माइल ही संस्था यांनी तेथे ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती वेगाने पट्टे गिळते आहे ते दिसावे. आणि एका लांब शिट्टीऐवजी मोटरमनने दोन तुटक शिट्ट्या द्याव्यात अशी सोय केली. उपदेशाचा फलक त्यात नव्हता.

रस्त्यालाच सांगू द्या

कॉम्प्टन परिणाम आपण भौतिकशास्त्रात शिकवतो. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतात तेव्हा त्यांची तरंगलांबी वाढते, हे दाखवल्याबद्दल आर्थर कॉम्प्टन यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ते सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख झाले. विद्यापीठाच्या इमारतीसमोरून गाड्या सुसाट जातात हे पाहून त्यांनी १९५३ साली रस्त्यावर घालायच्या उंचवट्याचा आराखडा स्वतः तयार केला. गतिरोधकाच्या आद्य रचनाकारांत एक नोबेलवाला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही.

उंचवटा हा बिनपगारी पोलीस आहे असे म्हणतात, पण त्याचा आकार चुकला तर तो लाचखाऊ निघतो. ब्रिटनच्या त्याच प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९७३ साली निरनिराळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून वाहने नेऊन चालकाला बसणारा हिसका तपासला. आखूड आणि उभा उंचवटा असेल तर हळू जाणाऱ्याला दणका बसतो, आणि जोरात जाणाऱ्याला उलट कमी जाणवतो, कारण चाक वर उडते ते स्प्रिंग झेलते आणि गाडीचा सांगाडा हलण्याआधी अडथळा मागे पडलेला असतो. म्हणजे वेगाला बक्षीसच! लांब, गोलसर उंचवटा असेल तर अख्खी गाडी त्यावर चढते आणि वेगाबरोबर हिसका वाढत जातो. वॉट्स यांना योग्य वाटलेला उंचवटा १२ फूट लांब आणि ४ इंच उंच होता. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली आपल्याकडच्या गतिरोधकांसाठी मानक ठरवले, ते वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर. म्हणजे मापे तीच.

आमच्या शाळेसमोर, मुलांनी वही दाखवून पाठपुरावा केल्यावर, पुढच्याच वर्षी गतिरोधक झाला. नववीच्या मुलांनी तो दोरीने मोजला: रुंदी ४० सेंटिमीटर, उंची १२. एस.टी.तल्या मागच्या बाकावरचे प्रवासी छताला लागत. मोटारसायकली कडेच्या मातीतून, म्हणजे मुले चालतात तिथूनच, वळसा घालत. जीपवाल्यांना वॉट्स यांचा शोध आपोआप लागला होता. ते वेग न उतरवता उडवून नेत. मुलांनी ३.७ मीटर लांबीच्या उंचवट्याची आकृती काढून अर्ज केला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रस्त्याचे डांबरीकरण झाले, त्यात जुना गतिरोधक उखडला गेला. नवा मानकाप्रमाणे करू, असे तोंडी उत्तर मिळाले आहे.

तो होईपर्यंत मुले स्वस्थ बसलेली नाहीत. उंचवटा झाल्यावर ‘वेग घटला’ म्हणायचे तर तो नसतानाच्या पुष्कळ दिवसांच्या नोंदी हव्यात. एखाददुसऱ्या दिवसाचा आकडा कामाचा नाही, हे कनेटिकटची गोष्ट ऐकून त्यांनीच ठरवले. म्हणून यंदाच्या नववीने दर बुधवारी शाळा सुटण्याआधी अर्धा तास ५० मीटर मोजायचा नेम धरला आहे. स्टॉपवॉचची जागा मोबाइलने घेतली आहे, रुमाल तोच आहे. घाणेरीची झुडपे रस्ता रुंद करताना तोडली, त्यामुळे लपायला आता शाळेच्या कुंपणाची भिंत वापरतात.